माझ्या घरातली बाई

गावात किराणा दुकान एकच, माणिकरावांचं. शेजारच्या तुळजाबाईचे ते भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. त्यांच्यासमोर ती डोक्यावरचा पदर ढळू देत नाही, तर पॅड कुठून मागणार? बाजाराच्या गावी, बेल्याला जायचं तर कापूस वेचणीचा दिवस बुडतो. घरात आढ्यापर्यंत कापूस, पण तो विकायचा. मुलगी हर्षाली जुन्या लुगड्याच्या घड्या वापरायची. एकदा वर्गात डाग पडला, तेव्हापासून ते दिवस ती घरीच बसते. यंदा नववीची सहामाही नेमकी त्याच दिवसांत आली.

"वामनकाका, तुमी आना ना," तुळजाबाई म्हणाली. "तुमाले कोन इचारते?"

खरं होतं. बायको गेल्यापासून मला कोणी काही विचारलेलं नव्हतं. वाक्य घरी पाठ करून गेलो.

दुकानात बरीच माणसं बसली होती.

"पॅडचं एक पुडकं द्या."

"कोनासाठी?" माणिकराव म्हणाले.

हे पाठ केलेलं नव्हतं. "माझ्यासाठी," मी म्हणालो.

"या वयात, काका?" उद्धवराव बाकावरून म्हणाले.

माणिकराव हसले नाहीत. "बाई ठेवली का घरात? नाव सांगा, मंग देतो."

हर्षाली त्यांचीच पुतणी. चारचौघांत तिचं नाव घेतलं असतं तर ती परीक्षेलाच काय, अंगणातही आली नसती. मी जन्मभर कादंबऱ्यांतली, दुसऱ्यांनी रचलेली माणसं वाचली. स्वतः रचायचं धाडस कधी झालं नाही.

"विमल," मी म्हणालो. "लग्न केलंय. भैंशाला, तिच्या गावी."

"वय काय वैनीचं?"

"पाळी येते तेवढं."

माणिकरावांनी पुडकं वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि वर नव्या वहिनीसाठी साखरही बांधून दिली.

हर्षालीने सगळे पेपर दिले. गल्लीतल्या कुसुमबाई हळद मागायला आल्या आणि खाटेखाली वाकून पाहून गेल्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं विमलच्या नावाने आलं. ती माहेरी गेलीय, असं मी सांगितलं.

पुढच्या महिन्यात माणिकरावांनी मला अडवलं. "वैनी माहेरी, मंग हे कोनाले?"

"तिला पाठवतो."

"काऊन? भैंशाले भेटत नाही का?"

"तिला तुमच्याच दुकानातले लागतात."

यावर ते जरा खूश झालेले दिसले.

हर्षालीच्या दहावीला अजून वर्षभर आहे. तोवर हे लग्न टिकवायला हवं. मला जमेल असं वाटत नाही.