कापडाच्या आतली माशी

धुक्यात कोबीचं रोप खोटं बोलतं. मुळं कुरतडलेली असोत की धड असोत, थंड ओल्या हवेत पानं ताठच राहतात. पानांतलं पाणी उडतच नाही, मग तहान लागणार कशी? खरं काय ते ऊन पडल्यावर कळतं. म्हणूनच त्या आठवड्यात, न्यूफाउंडलंडच्या त्या छोट्या खाडीवर धुकं ठाण मांडून बसलं होतं तेव्हा, मर्टल सतत खिडकीशी जात होती. ऊन पडावं की पडू नये, हे तिचं तिलाच ठरवता येत नव्हतं.

कुंपणाच्या आडोशाला, पांढऱ्या पातळ कापडाखाली तिची कोबीची रोपं होती. ही तिच्या आईची, ड्रूसिलाची जात. चपटा, दगडासारखा घट्ट गड्डा, तळघरात ठेवला तर बर्फ वितळेपर्यंत टिकणारा. हे बी कुठल्याही दुकानात मिळत नव्हतं. आई मधूनमधून काही चांगले गड्डे तळघरात राखायची, वसंतात पुन्हा जमिनीत लावायची, फुलू द्यायची आणि बी बाटलीत भरून ठेवायची. गेल्या उन्हाळ्यात आई अंथरुणाला खिळली. मर्टलने पहिल्यांदाच एकटीने कोबी लावला आणि मातीतल्या अळ्यांनी मुळं खाऊन तो सगळा फस्त केला. हिवाळ्यात आई गेली. बाटलीच्या तळाशी उरलेलं चिमूटभर बी मर्टलने खिडकीतल्या डब्यांत पेरलं. आता बाटली रिकामी होती. ही रोपं गेली की जात गेली.

आई दर रोपाच्या बुंध्याशी डांबरी कागदाची चकती बसवायची, म्हणजे माशीला खोडालगतच्या मातीत अंडी घालता येत नाहीत. मर्टलला चकत्यांचा भरवसा वाटेना. तिने तलम कापड आणलं, रोपं लावली त्याच दिवशी वाफ्यावर अंथरलं आणि किनाऱ्यावरचे धोंडे कडेने असे रचले की मुंगीलाही वाट मिळू नये.

"बाळंतिणीलासुद्धा एवढं कोणी झाकत नाही, पोरी," कुंपणापलीकडून सायलस मामा म्हणाला होता. तो आईचा धाकटा भाऊ, शेजारीच राहायचा. जन्मभर होड्या बांधलेला म्हातारा. मर्टल पंचावन्नची झाली होती, पण त्याच्या लेखी पोरच.

"तू लांबूनच बघ, मामा."

"बघतोय की. चादर दिसतेय. तुझ्या आईने एव्हाना कॅपलिन घातली असती."

कॅपलिन किनाऱ्याला लागायचे तेच दिवस होते. बोटाएवढी रुपेरी मासळी लाटांबरोबर वाळूवर येऊन पडते आणि सारं गाव बादल्या घेऊन धावतं. थोडी तळायची, थोडी वाळवायची आणि बाकीची खत म्हणून बागेत गाडायची. तसं केलं नाही, तर माणूस एकतर आळशी किंवा परगावचा.

"कुजक्या मासळीवर माश्या येतात."

"येऊ देत. त्यांनाही पोट आहे."

"या वर्षी नाही, मामा. या वाफ्याजवळ एक मासासुद्धा आणायचा नाही. शपथ घे."

"घेतली," मामा म्हणाला, पण हसत हसत. तेच मर्टलच्या मनात राहिलं.

शुक्रवारी दुपारी वारा फिरला, धुकं खाडीबाहेर सरकलं आणि ऊन पडलं. मर्टल हातातला टॉवेल तसाच टाकून बाहेर धावली. कापडातून दिसत होतं ते पुरेसं होतं. निम्मी रोपं माना टाकून पडली होती आणि पानांवर ती शिशासारखी, निळसर कळा आली होती. ती कळा तिने गेल्या वर्षी पाहिली होती.

आणि मासळीचा वास येत होता. कुंपणाला टेकून एक बादली ठेवली होती, काठोकाठ कॅपलिनने भरलेली.

बादली उचलून ती तरातरा मामाच्या खोपटात शिरली. तो बाकावर बसून जुनी आरी घासत होता.

"हे काय आहे?"

"तुझं जेवण. सकाळची ताजी मासळी. तळून खा, म्हटलं."

"कापड कधी उचललंस?"

"कसलं कापड?"

"सोंग नको, मामा! रोपं मरताहेत. तू कापड उचलून मासळी गाडलीस आणि माश्या आत घेतल्यास. आईची शेवटची रोपं होती ती. मारलीस तू!"

आरीवरचा हात थांबला. मामाने तिच्याकडे पाहिलं, मग बादलीकडे.

"ड्रूसिला माझी बहीण होती," तो म्हणाला. "तू जन्मायच्या आधीपासून."

एवढंच बोलून त्याने पुन्हा आरी घासायला घेतली.

मर्टल परतली आणि वाफ्याशी गुडघे टेकून बसली. धोंडे एकेक करून तपासले. एकही हलला नव्हता. त्यांच्याभोवती गवत वाढलं होतं, ते कुठेही दबलेलं नव्हतं. मग कापडावर हालचाल दिसली. घरमाशीहून बारीक, करड्या रंगाच्या माश्या कापडावर चालत होत्या. तिने हात झटकला, तरी एकही उडाली नाही. त्या कापडाच्या आतल्या बाजूला होत्या. बाहेर पडायला वाट शोधत होत्या.

तिने एक कोपरा उचलला आणि श्वास रोखून माती न्याहाळली. एका रोपापासून वीतभर अंतरावर मातीचा कण हलला. तिथून एक माशी वर आली, ओली, फिकी, चुरगळलेल्या पंखांची. ही बाहेरून आलेली नव्हती. हिने अजून उडून पाहिलंच नव्हतं.

मर्टलला आठवलं. गेल्या वर्षी कोबी लावला तो याच वाफ्यात. त्याला खाऊन माजलेल्या अळ्या इथेच मातीत कोष करून हिवाळाभर निजल्या होत्या. आडोसा चांगला म्हणून तिने पुन्हा इथेच रोपं लावली आणि वरून कापड घालून माश्यांना त्यांच्याबरोबर कोंडलं. आधी निघालेल्या माश्यांनी अंडीही तिथेच घातली. कोबीला एका पाटावर दोनदा बसवू नये, असं आई म्हणायची. मर्टलला ती आपली म्हाताऱ्यांची म्हण वाटली होती.

आता रडत बसायला वेळ नव्हता. तिने एक रोप हळूच उपटलं आणि मुळं पाण्यात खळबळली. तांदळाच्या कणीसारख्या पांढऱ्या अळ्या सुटून तळाशी गेल्या. मूळ एका बाजूने तपकिरी झालं होतं, दुसरीकडे शाबूत होतं. वाचू शकेल. पण लावायचं कुठे? तिच्या बागेत, मामाच्या बागेत, साऱ्या गावात कोबी नाहीतर टर्निप पिकलेला, आणि टर्निपचा कंद म्हणजे त्याच माशीचं दुसरं ताट. कधीच काही न पिकलेली माती फक्त टेकडीवर अल्डरच्या झुडपांखाली होती आणि तिथे ऊन पोचत नव्हतं. ती माती खाली आणायची तर तिला स्वतंत्र जागा हवी, जमिनीपासून वेगळी.

मामाच्या अंगणात त्याची होडी उभी होती. त्याने बांधलेली शेवटची. फळ्या सुटत चालल्या होत्या, पण 'या उन्हाळ्यात दुरुस्त करतो' हे त्याचं दरवर्षीचं ठरलेलं होतं. जुन्या होड्यांत माती भरून फुलं लावण्याला तो 'पाहुण्यांची करमणूक' म्हणायचा.

मर्टल खोपटाच्या दारात थांबली. आत जायचं धाडस होईना.

"माझी चूक झाली, मामा. माश्या आतूनच निघाल्या. गेल्या वर्षीच्याच वाफ्यात लावलं मी."

मामा आरी घासतच राहिला.

"रोपं काढतेय. निम्मी तरी वाचतील. एकदोन वाचून भागायचं नाही, बी धरायला जोडीला पुष्कळ लागतात. मला नवी जागा हवी. आजच." तिने अंगणाकडे बोट दाखवलं. "मला तुझी होडी हवी."

मामाने आरी बाजूला ठेवली.

"तळाला भोकं लागतील," तो म्हणाला. "पाणी साचलं तर मुळं कुजतील."

"हो."

त्याने खुंटीवरचा गिरमिट काढला. होडीत उतरला, तळावरून एकदा हात फिरवला, जागा निवडली.

"जन्मभर भोकं बुजवली," तो पुटपुटला आणि गिरमिट फिरवायला लागला. "बघत काय उभी राहिलीस? माती आण. छपराचा डांबरी कागद उरलाय तिकडे, त्याच्या चकत्या काप. तुझ्या आईसारख्या, वाकड्यातिकड्या नकोत."

अंधार पडेपर्यंत ती ढकलगाडीने माती आणत राहिली. धुतलेली रोपं होडीत लागली, दर बुंध्याशी काळी चकती बसली. सकाळी धुकं परत आलं आणि मर्टलने पहिल्यांदाच त्याचे आभार मानले. पण मग ते हटेना. पानं ताठ होती, त्याला काही अर्थ नव्हता. ती रोज होडीशी जायची आणि मुळं पाहायला शिवशिवणारा हात खिशात घालून परत यायची.

ऊन पडलं ते थेट पुढच्या आठवड्यातल्या रविवारी, चर्च सुटताना. दोघं तडक घरी आली, होडीच्या दोन बाजूंना उभी राहिली. ऊन तापत गेलं. कडेच्या एका रोपाने मान टाकली. मग त्याच्या शेजारच्याने. मर्टलने होडीची कड घट्ट धरली.

तिसरं पान हललं, पण तो वारा होता. सावल्या आखूड होत गेल्या, पुन्हा लांबल्या. बाकीची रोपं उभी होती.

"पुष्कळ आहेत," मामा म्हणाला. "बी धरेल."

तिने मान हलवली.

"आणि पुढच्या वर्षी?" मामाने विचारलं.

"पुढच्या वर्षी दुसरीकडे. एका पाटावर दोनदा नाही."

मामाने डोकं खाजवलं आणि खाडीत नांगरलेल्या होड्यांकडे एकेक करून पाहिलं.

"मग कोणाची मागायची ते आत्तापासून बघून ठेव," तो म्हणाला. "माझ्याकडे एवढीच होती."