चौथ्या चेंबरातलं वेटोळं

कवठे महांकाळच्या बाजूला विजयमाला वहिनींची द्राक्षबाग आहे आणि पाण्याची मोठी पाइप तिच्या खालून जाते. पाइपेशेजारी काचेच्या तारेची केबल सहा वर्षांपूर्वी मीच टाकली. फेब्रुवारीत पाइप कुठंतरी गळायला लागली आणि साताऱ्याहून प्रियदर्शनी मॅडम यंत्र घेऊन आल्या. माल काढायला वीस दिवस होते.

मॅडमचं वय माझ्या निम्मं, पण शिकवायची हौस मोठी. तारेत लेसरचा प्रकाश सोडला की त्याचा इवलासा भाग परत येतो, आणि त्यातलाही थोडा रंग बदलून येतो. त्याला रामन विखुरण म्हणतात. गळतीचं पाणी मुरून काच जिथं गार, तिथून त्यातल्या एका रंगाचा प्रकाश कमी येतो. ब्रिलुआँ विखुरण म्हणून दुसरा प्रकार आहे, त्यात तारेवरचा ताणही कळतो, पण त्याचं यंत्र आमच्याकडे नव्हतं. मी मान डोलावली. केबल टाकणाऱ्याला असलं कुणी सांगत नाही.

यंत्रानं तारेवर चार हजार एकशे ऐंशी मीटरवर गारवा दाखवला. वाटेत चार चेंबरं. प्रत्येकात पुढच्या जोडणीसाठी पंधरा मीटर तार वेटोळं करून ठेवायची रीत; ती तार जमिनीवरच्या अंतरात धरायची नसते. मॅडमनी सकाळीच केबल टाकल्याचा माझ्या सहीचा कागद काढला, वेटोळ्यांचे साठ मीटर वजा केले आणि पाइपेवरून अंतर मोजत चालत गेल्या. मोजणी बागेच्या मधोमध संपली. वेलींच्या तीन ओळी उपटाव्या लागणार होत्या.

जेसीबी बांधापाशी येऊन उभा राहिला. वहिनी वेलीवरच्या घडांकडे बघत राहिल्या.

तिसऱ्या आणि चौथ्या चेंबरात मी वेटोळं ठेवलंच नव्हतं. तारेचा ड्रम संपत आला होता, साहेब घाई करत होते, आणि मी चारही ठिकाणी ठेवलं म्हणून सही ठोकली होती. सांगावं तर नोकरीवर गदा. जेसीबीवाल्यानं इंजिन चालू केलं.

"मॅडम, थांबा. तीस मीटरच वजा करा," मी म्हणालो. "दोन वेटोळी ठेवलीच न्हाईत. कागद खोटा हाय."

मॅडमनी चौथ्या चेंबरचं झाकण स्वतः उघडलं. आत तार सरळ गेलेली. बाजूला दोन बेडूक.

मग तीस मीटर पुढं, बागेबाहेर, रस्त्याकडेच्या बाभळींत खणलं. दीड मीटरवर चिखल लागला आणि मग पाणीच वर आलं.

"अहवालात तुमचं नाव लिहावं लागेल, मुजीबभाई," मॅडम म्हणाल्या.

"लिवा," मी म्हणालो. खरं सांगतो, हलकं वाटलं. एकही वेल गेली नव्हती. वहिनी आता दोन शब्द बरे बोलतील, असंही वाटून गेलं.

वहिनी जवळ आल्या.

"म्हंजे जेसीबी माज्या बागंत तुमच्या सहीनं आला व्हता?"

"व्हय, वहिनी."

"आन् तुमाला ते सकाळपास्नं ठावं व्हतं?"

मी त्यांच्याकडं बघू शकलो नाही.

"व्हय," मी म्हणालो.