उजवीकडे बघणारी म्हैस

आमच्या हंबीररावांना साधी सहीसुद्धा स्वतःची करता आली नाही, असं मी म्हटलं तर शाहूपुरीत मला कोणी उभं करणार नाही. तरी म्हणतो. चुकत असेन तर असेन.

मी तेव्हा वाचनालयात नवा ग्रंथपाल होतो. नृसिंह, हायस्कूलात चित्रकला शिकवणारा माझा मित्र, संध्याकाळी माझ्या टेबलाशी बसायचा आणि गप्पा मारता मारता टाकाने रद्दी कागदावर म्हैस काढायचा. चारच रेघा. एक शिंग खाली वळलेलं, रवंथ मध्येच थांबलेलं, आणि समोरच्याला कवडीची किंमत न देणारी नजर. तिचं तोंड नेहमी डावीकडे.

हंबीरराव तेव्हा नुकतेच कवी झाले होते. त्यांच्या प्रत्येक कवितेत चंद्र असे. एकदा ते म्हणाले, "नृसिंहा, ही म्हैस मला दे की. सहीला झकास दिसंल."

"ने की," नृसिंह म्हणाला. "पण दूध न्हाई देत हां ती."

शाई ओली होती. हंबीररावांनी तिच्यावर टीपकागद दाबला आणि तो खिशात घातला. टीपकागदावर सगळं उलटं उमटतं, हे पोरांनाही ठाऊक असतं. हंबीररावांनी ते गिरवून गिरवून पाठ केलं, पुढे त्याचा रबरी शिक्का करून घेतला. त्यांची म्हैस कायमची उजवीकडे बघू लागली. संमेलनं, सत्कार, बक्षीस समारंभ, सगळीकडे तीच. चंद्र लोक विसरले, म्हैस लक्षात राहिली.

नृसिंहला मात्र उभ्या आयुष्यात एक मुखपृष्ठ मिळालं, तेही निवृत्तीला टेकल्यावर. कृष्णातरावांच्या दिवाळी अंकासाठी त्याने रंकाळ्यावर म्हशी धुणारी बाई रंगवली आणि कोपऱ्यात सही म्हणून आपली म्हैस काढली. चित्र द्यायला त्याने मला सोबत नेलं. तिथे हंबीरराव चहा पीत बसलेले.

"मास्तर, चित्र एक नंबर," कृष्णातराव म्हणाले. "पण हंबीररावांची सही कशापायी?"

"ती माझी सही आहे."

"आवो, अख्खं कोल्हापूर वळखतंय ती! आन् नक्कल तरी धड करायची. तोंड उलटं काढलंय की तुमी."

मला राहवलं नाही. पण माझा आवाज इतका बारीक निघाला, की कृष्णातरावांनी पंखा बंद करून विचारलं, "काय म्हणालासा?"

मी सगळं पुन्हा सांगितलं, टीपकागदासकट. हंबीरराव हसले. "अप्पा, पुस्तकं वाचून वाचून तुला डावं-उजवं कळंना झालंय." मग उदार होऊन म्हणाले, "जाऊ दे, कृष्णातराव. आपलाच दोस्त हाय. खाली छापा, 'हंबीररावांच्या परवानगीनं'. तोंड तेवढं सरळ करून घ्या."

नृसिंहने चित्र आपल्यासमोर ओढलं. मग म्हणाला, "ब्लेड आहे का?"

कृष्णातरावांना वाटलं, आता तोंड सरळ होणार. नृसिंहने म्हैस हलक्या हाताने खरवडून काढली. पार कागद दिसेपर्यंत.

"आता छापा."

"आन् सही?"

"बाईकडं बघा की. ती मीच काढलीय."

अंक खपला; आत हंबीररावांचीही एक कविता होती. वाचनालयात हंबीररावांचा सत्कार ठेवला होता, तिथे लोक अंक घेऊन रांगेत उभे राहिले. हंबीरराव मुखपृष्ठाच्या त्या मोकळ्या कोपऱ्यात धडाधड शिक्का मारत होते. कोणी विचारलं, "चित्रबी तुमचंच काय?" त्यावर ते नुसते हसले. नाही म्हणाले नाहीत. नृसिंह मागच्या खुर्चीवरून सगळं बघत होता.

"आण अप्पा," हंबीररावांनी माझ्याकडे हात केला, "वाचनालयाच्या अंकावरबी मारतो."

मी अंक छातीशी धरला.

"इथल्या पुस्तकांवर रेघोट्या मारायला मनाई आहे," मी म्हणालो. या वेळी पंखा चालू असूनही सगळ्यांना ऐकू गेलं.