सात नंबरची खिडकी

"बरणी पुसून आण म्हटलं होतं ना? आत पाणी राहिलंय," दोब्रिन्का मावशी म्हणाल्या आणि माझी बरणी त्यांनी उजेडाकडे धरली.

"पुसली होती, मावशी."

"पुसली होतीस, पण घाईत. तुझं सगळं घाईतच. पोरगी तेवढी नऊ महिने थांबली, हे नशीब."

मागे रांगेतल्या दोन आज्या हसल्या. मी हसले नाही. मी घड्याळ बघत होते. अकरा वाजून दहा मिनिटं. साडेअकराला मला ऑफिसात परत पोचायचं होतं, त्याआधी सूप घरी सासूबाईंकडे द्यायचं होतं. सकाळी कालिनाचं अंग किंचित कोमट लागलं होतं. थर्मामीटर दोनदा लावला, दोन्ही वेळा सदतीसच्या आत. तिसऱ्यांदा लावायला हवा होता, असं मला जिन्यापासून वाटत होतं.

मावशींनी कोरड्या फडक्याने बरणी पुसली. मग ओगराळं मोठ्या डब्याच्या तळापर्यंत घातलं आणि सावकाश तीन वेळा फिरवलं. प्रत्येक बरणीसाठी त्या असंच करतात. मांस आणि भात तळाशी बसतात. वरवरचं वाढलं तर पहिलीला पाणी मिळतं आणि शेवटचीला लगदा. अकराला, वाढायला सुरुवात करण्याआधी, त्यातलंच थोडं एका छोट्या बरणीत घालून, तारखेची चिठ्ठी चिकटवून त्या फ्रिजमध्ये ठेवतात, अट्ठेचाळीस तास. एखाद्या बाळाचं पोट बिघडलं तर तपासायला काहीतरी हवं. नगरपालिकेच्या मुख्य स्वयंपाकघरात असा नमुना ठेवतातच. खिडकीवर ठेवायची सक्ती नाही. "गाडीतून येताना अन्नाचं काय होतं, ते त्या मोठ्या घरातल्यांना काय ठाऊक," असं मावशी म्हणतात. सव्वीस वर्षं त्या या खिडकीत उभ्या आहेत.

"ऐकलं ते खरं का गं, इस्क्रा?" बरणी पुढे सरकवताना त्यांनी आवाज उतरवला. "आमच्या खिडक्यांचं तूच विचारत फिरतेयस म्हणे."

"काम ऑफिसचं आहे, मावशी. कुणाकुणाला विचारायचं, एवढंच मी ठरवते."

"मग तूच की."

माझ्या हातातली बरणी गरम होती. मी ती पदरी बांधलेल्या विस्तवासारखी घेऊन निघाले.

खरं तर त्या बोलल्या ते बरोबरच होतं. आमच्या दुनाव नदीकाठच्या गावात तीन वर्षांखालच्या मुलांसाठी नगरपालिका रोज अन्न शिजवते आणि सात खिडक्यांतून वाटते. रेल्वेरुळांपलीकडे, मुख्य स्वयंपाकघराला लागूनच, आता मोठं वाटपघर झालं होतं. तिथे गाड्या लावायला जागा होती आणि सकाळी सातपासून दार उघडं असायचं. त्यामुळे एखादी खिडकी कमी करता येईल का, हे पालिकेला पाहायचं होतं आणि ती पाहणी आमच्या ऑफिसकडे आली होती. नियम सरळ होता. ज्या खिडकीची निम्म्याहून जास्त कुटुंबं 'ती हवीच' म्हणतील ती राहील. दोल्ना माहला या वस्तीतली आमची सात नंबरची सगळ्यात लहान, एकतीस मुलांची. मावशींना निवृत्तिवेतन मिळायला दीड वर्ष बाकी होतं. बासष्ट वर्षांच्या बाईला मधल्या दीड वर्षासाठी कोण कामावर घेणार, हे कुणी मोठ्याने बोलत नव्हतं.

सुरुवातीला आमचे पान्तेव साहेब म्हणाले होते, "दोन मुली खिडक्यांपाशी उभ्या करू. येईल त्याला विचारायचं. तीन दिवसांत काम खलास." त्यावर मी भांडले होते. खिडकीपाशी कोण भेटणार? जिला अकराला यायला जमतं ती. जिला जमत नाही ती तिथे नसतेच, मग तिचं ऐकणार कोण? शेवटी साहेब वैतागले आणि मी म्हणत होते तसं झालं. बाराशे चाळीस कुटुंबांच्या यादीतून चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोनशे नावं काढली, प्रत्येक खिडकीच्या वाट्याला तिच्या आकाराप्रमाणे. सात नंबरच्या वाट्याला पाच आली. माझं नाव त्यांत नव्हतं, तेव्हा मला हायसं वाटलं.

त्या दिवशी मी धापा टाकत पोचले तेव्हा साहेब कागद हलवत उभे होते.

"तुझी म्हातारी वाचली. पाचांत चार जणी 'हवीच' म्हणाल्या. ऐंशी टक्के."

मी खुर्चीत बसले, उठले, पुन्हा बसले. "साहेब, पाचच जणी आहेत."

"तूच काढल्यास ना पाच?"

"मीच काढल्या. पण बाकीच्या खिडक्यांवर तीस-तीस, चाळीस-चाळीस आहेत. तिथे दोघींनी भलतं सांगितलं तरी आकडा फारसा हलत नाही. इथे दोघींचं उत्तर बदललं की ऐंशीचे चाळीस होतात. खिडकीच बंद."

"बदललं नाहीये ना?"

"दुसऱ्याच पाच निघाल्या असत्या तर?"

साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. "इस्क्रा, माणूस नशिबाचे आभार मानतो. तू नशिबाचीच उलटतपासणी घेतेस. अहवाल सोमवारी द्यायचाय. घरी जा, पोरीला खाऊ घाल."

दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती. दुपारी कालिना झोपली आणि मी घेवड्याचे एकतीस दाणे टेबलावर मांडले. समजा, निम्म्याहून जास्त आयांना खिडकी नकोच आहे. मी 'हवीच'चे तेरा पांढरे दाणे घेतले आणि 'नको'चे अठरा ठिपक्यांचे. ते टोपीत घालून हलवले आणि न बघता पाच काढले. दोन पांढरे. परत टाकले. एक. तीन. दोन. मनात आलं, उगाच जिवाला घोर लावून घेतलाय. नवव्या खेपेला पाचांत चार पांढरे आले.

मी त्यांच्याकडे बघत बसले. मागे कालिना कधी उठली, पलंगावरून कधी उतरली, कळलं नाही. वळले तेव्हा ती जमिनीवर बसली होती, मूठ तोंडाशी. मी तिच्या तोंडात बोट घातलं, ती किंचाळली. तोंडात काही नव्हतं. मुठीत एक ठिपक्यांचा दाणा. मी टेबलावरचे दाणे मोजले, टोपीतले मोजले, मुठीतला मिळवला. तीस. पुन्हा मोजले. तीस. कपाटाखाली हात घालून एकतिसावा सापडेपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता.

संध्याकाळी वाळूच्या खड्ड्यापाशी एलित्सा भेटली. तिचा मुलगा कालिनाच्याच वयाचा, सात नंबरच्याच यादीत.

"तुझी आई आणते ना सूप?" मी विचारलं. विचारायला नको होतं, पण राहवलं नाही.

"आणायची. आता गुडघ्याने बसलीये घरी. मी कारखान्यातून अकराला कशी सुटणार? तुझ्या दोब्रिन्काला म्हटलं, साताला उघडा. ती म्हणते, अन्नाची गाडीच साडेदहाला येते. सोन्यासारखी बाई आहे गं, पण सोनं काय पोराला चारू?" ती हसली आणि पोराच्या मुठीतली वाळू झाडायला लागली. "नाव यादीत आहे अजून. आम्ही डबाबंद भाज्यांवर जगतोय."

तिला कुणी विचारलं नव्हतं. पाचांत ती निघालीच नव्हती.

शुक्रवारी मी खिडकीपाशी मुद्दाम शेवटी गेले. रांग संपली होती. मी सांगू नये ते सांगितलं.

"पाच जणींना विचारलं. चौघी हो म्हणाल्या."

मावशींचे खांदे खाली आले. ते इतके दिवस वर होते, हे मला तेव्हा दिसलं. त्यांनी खिडकीची कड पुसली, पुसलेलीच.

"कुठल्या पाच?"

"ते नाही सांगता येणार. चिठ्ठ्यांनी निघाल्या."

"आणि बाकीच्या सव्वीस?"

"त्यांना विचारलं नाही. विचारायची सक्ती नाहीये. हे असंच पाठवलं तरी..."

त्यांनी माझी बरणी घेतली. डब्यात अगदी थोडं उरलं होतं, तरी ओगराळं तळाला लावून तीनदा फिरवलं.

"विचार सगळ्यांना," त्या म्हणाल्या.

"मावशी, उत्तर उलटं आलं तर?"

"येईल नाहीतर नाही येणार. पण हे असं राहिलं तर मी रोज प्रत्येकीच्या तोंडाकडे बघणार. ही नको म्हणणारी का? ती का? दीड वर्षं असं कसं वाढायचं गं?" मग जरा हसून, "आणि मला नको म्हणणारं आहे कोण? या आया बाळं होत्या तेव्हा त्यांनाही मीच भरवलंय, त्यातल्या निम्म्या तर तेव्हा ओकायच्या."

शनिवार-रविवार मी फोन केले. सासूबाई कालिनाला सांभाळत होत्या आणि दर दहा मिनिटांनी 'तिला तू हवीयेस' असं सांगत होत्या. ज्यांनी फोन उचलला नाही त्यांच्या घरी गेले. जिने चढले, दोन ठिकाणी तीन-तीनदा. यादीत आयांची नावं होती, म्हणून आईलाच विचारलं. आजीने दार उघडलं तर आई येईपर्यंत पायरीवर बसले. माझ्या स्वतःच्या नावापुढची जागा मी कोरी ठेवली.

बहुतेकींनी आधी मावशींचं कौतुक केलं. मावशींना सगळ्यांची नावं ठाऊक, कुणाला गाजर चालत नाही ते ठाऊक. "मावशी फार चांगल्या, पण..." हे मी किती वेळा लिहिलं ते रविवारी संध्याकाळी मोजलं. तेरा जणींना खिडकी हवीच होती. सतरा जणींच्या कागदावर 'पण' होतं.

माझं उत्तर मिळवलं असतं तरी चौदा झाले असते. मी तरीही दोनदा मिळवून पाहिलं.

पान्तेव साहेबांनी कागद वाचून टेबलावर ठेवला. "बरोबर आहे," एवढंच म्हणाले. मग, "तुझी पोरगी आता कुठून जेवणार?"

"रुळांपलीकडून," मी म्हटलं.

मावशींना मीच सांगितलं. दुसऱ्या कुणाकडून कळायला नको होतं.

"सतरा," त्या म्हणाल्या. जणू भाव विचारला होता आणि तो अपेक्षेपेक्षा जास्त निघाला होता. "सगळ्यांना विचारलंस?"

"सगळ्यांना."

"एलित्सालासुद्धा?"

मी पिशवीतून बरणी काढून पुढे केली. त्यांनी मान हलवली. "तिचं बरोबर आहे. तिची आई गुडघ्याने बसलीये." आणि माझी बरणी उजेडाकडे धरली. "आज कोरडी आहे. शिकलीस."

महिनाअखेर शुक्रवारी आली. शेवटच्या दिवशी झुकिनीचं सूप होतं. कुणीतरी फुलं आणली, कुणीतरी घरचा केक. मावशींनी सगळ्यांना वाढलं आणि एकीला, तिची बरणी ओली होती म्हणून, नेहमीसारखं झापलंही.

रविवारी अकराच्या सुमारास मी कालिनाला ढकलगाडीत घालून निघाले होते. रात्री ती दोनदा खोकली होती आणि मला मोकळी हवा हवी होती, तिला हवी की नको, माहीत नाही. सात नंबरची पत्र्याची झडप अर्धी वर होती. आत कुणीतरी होतं. मी गाडी वळवली.

मावशी होत्या. अंगात निळा चांगला झगा, केस नीट बसवलेले, सणाला घालतात ते बूट. हातात शुक्रवारची छोटी बरणी.

"मावशी, तुम्ही? किल्ली नाही दिलीत?"

"उद्या देणार आहे." त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "अकराला अट्ठेचाळीस तास होतात. मग हे कोण टाकणार?"

अकराला अजून चार मिनिटं होती. त्या थांबल्या. मीही थांबले. कालिनाने गाडीतून हात पुढे केला, तेव्हा त्यांनी तिचं बोट धरलं.

"पोट कसंय हिचं?"

"बरं आहे."

"कुणाला काही झालं नाही ना? तुझ्या कानावर काही आलं?"

"नाही, मावशी. कुणाला काही नाही."

अकरा वाजले. त्यांनी बरणी मोरीत उपडी केली, गरम पाण्याने दोनदा धुतली, चिठ्ठी नखाने खरवडून काढली आणि बरणी फडक्यावर पालथी घातली. मग फ्रिजचं बटण बंद केलं. आतला दिवा गेला. बंद दाराने आत वास धरतो, म्हणून त्यांनी लांब दांड्याचं ओगराळं खिळ्यावरून काढलं आणि फ्रिजचं दार बंद होऊ नये म्हणून फटीत आडवं लावलं.