उसन्या चेहऱ्याचा खलाशी

मी एक उघडा माणूस बोलतोय. उघडा म्हणजे खरोखरच उघडा. कमरेला आखूड पंचा, खांद्यावर जाड दोर, बाकी अंगावर चिंधी नाही. आणि माणूस तरी कुठला? आत तारा, काथ्या, लाकडाच्या पट्ट्या, वरून प्लास्टर. हल्ली माझा मुक्काम रत्नागिरीत झाडगावात, एका गणपतीच्या शाळेच्या कोपऱ्यात आहे. शाळा म्हणजे गणपती घडवतात ती पडवी. माझ्यावर गोणपाट टाकलेलं आहे. ते कोणी काढू नये असं मला वाटतं. तुम्हीही काढू नका, मी आतूनच बोलतो.

माझा जन्म मुंबईचा. या शाळेच्या मालकांचा मुलगा सखाराम तिकडे मूर्तिकाम शिकायला गेला, शिकला, आणि परळला एका बंद तबेल्यात जागा घेऊन काम करू लागला. त्याला खलाशी घडवायचा होता, अगदी खराखुरा. बंदरावर हिंडताना त्याला एक तरुण माणूस भेटला. त्याचा हेल ऐकूनच सखारामने विचारलं, "तुम्ही आमच्याकडचे काय हो?"

"भाट्याचा. हरिश्चंद्र," तो म्हणाला. भाट्ये म्हणजे रत्नागिरीहून तरीत बसून खाडी ओलांडली की पलीकडचा गाव.

हरिश्चंद्र खलाशी होता खरा, पण बिनबोटीचा. बोटीवरच्या सारंगाशी, म्हणजे खलाशांच्या मुकादमाशी, त्याचं वाजलं, हात उचलला गेला, आणि पहिल्याच फेरीनंतर त्याला उतरवलं. पुन्हा कुठलीच बोट त्याला घेईना. गावाहून निघताना अख्खी वाडी बंदरावर पोचवायला आली होती. आई जो भेटेल त्याला सांगत होती, माजा हरी विलायतेला चाललाय. आता कुठल्या तोंडाने परत जायचं? म्हणून तो सखारामपुढे दोर घेऊन उभा राहायचा आणि हातावर पडेल त्यात दिवस काढायचा.

मी तेव्हा ओली माती होतो. साच्यातून प्लास्टरचा व्हायला अजून अवकाश होता. एक दिवस हरिश्चंद्र चाचरत म्हणाला, "माझं तोंड नका हो काढू. आयेला वाटतं मी बोटीवर आहे. वाटू दे तिला."

"तोंड बदलीन मी," सखाराम म्हणाला. "आणि हा पुतळा मुंबईबाहेर जातोय कशाला?"

दोन्ही गोष्टी तो मनापासून बोलला, मी साक्षीला आहे. पण झालं काय, तोंड साधलं. असं साधलं की सखाराम दिवसातून दहादा दाराशी जाऊन लांबून बघायचा. पुसायला हात उचलायचा आणि खाली घ्यायचा. उद्या बदलू, उद्या बदलू म्हणता म्हणता त्याने साचा काढला. हरिश्चंद्राचं येणं तोवर थांबलं होतं, त्यामुळे विचारायला कोणी नव्हतं.

स्वराज्य येऊन पाच-सहा वर्षं झाली होती. रत्नागिरीतल्या काही हौशी मंडळींच्या मनात आलं की मुंबईला चित्रं-शिल्पं बघायला माणसं तिकीट काढून जातात, मग आपल्या लोकांनी काय पाप केलंय? भर बाजारात, राम आळीच्या तोंडाशी, माघात पुतळे मांडायचे आणि शिमग्याआधी उचलायचे. सखाराम गावचाच, त्याला पत्र गेलं. आपलं काम आपल्या गावाने बघावं, असं कुणाला वाटत नाही? त्याने आम्हा चौघांना खोक्यांत भरलं. एक जाळं विणणारा म्हातारा, एक कडेवर पोर घेतलेली बाई, एक म्हैस आणि मी. खोक्यावर झाकण ठेवताना तो माझ्या तोंडाकडे क्षणभर बघत राहिला. मग म्हणाला, "एवढ्या गर्दीत कोण ओळखतंय?"

आगबोटीतून पडावात, पडावातून बैलगाडीत, असे आम्ही आलो. जांभ्याचे चिरे रचून चार चौथरे केलेले होते, त्यांवर आम्हाला चढवलं. माझ्या समोरच आप्पांचं कापडाचं दुकान. आप्पा पानाची पिंक टाकून म्हणाले, "सखाराम, कापडाच्या दुकानासमोर उघडा माणूस उभा केलास होय रे? माझा धंदा बसवतोस काय?"

लोक हसले. मलाही बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू. पण बायका यायच्या त्या मान खाली घालून निघून जायच्या, आणि तेव्हा मला अंग चोरता आलं असतं तर मी चोरलं असतं. खेड्यापाड्यांतून आलेली माणसं विचारायची, "ह्यो कुठला देव?" देव नाही म्हटल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला, "मग कधी वारले?" त्यांचं काय चुकलं? देवाची नाहीतर मेलेल्याची, याखेरीज तिसरी मूर्ती त्यांनी पाहिलीच नव्हती. म्हैस मात्र सगळ्यांना पसंत पडली. तिला कोणी काही विचारलं नाही, शेपटाखालून कासेपर्यंत बघून माना डोलावल्या.

उद्घाटनाला मुंबईहून एक पाहुणे आले. नारळ फुटला, आमच्या कपाळांना गुलाल लागला, उदबत्त्या लागल्या. समारंभ म्हटला की हार हवेतच. पाहुण्यांना घातला, मंडळींना घातला, आणि टोपलीत उरले ते पाहुण्यांनी आम्हा चौघांच्या गळ्यात घातले. म्हशीच्या सुद्धा. मग माझ्यापाशी थांबून ते म्हणाले, "या बरगड्या बघा! हे खपाटीला गेलेलं पोट! वा, सखाराम, काय हात आहे तुमचा!" टाळ्या झाल्या. सखाराम लाजून लालेलाल झाला. झेंडूचा हार, उदबत्तीचा वास, माझ्या बरगड्यांचं कौतुक. मी तर हवेतच होतो. आज तो प्रसंग आठवला की या गोणपाटातसुद्धा मेल्याहून मेल्यासारखं होतं मला.

त्याच वेळी गोदूबाई आली.

डोक्यावर सुक्या मासळीची टोपली. रोज तरीने खाडी उतरून बाजारात यायची, तशीच आली होती. टोपली उतरवायला मागून तरवाला इद्रीस. ती गर्दीतून वाट काढत पुढे आली, सहज वर बघितलंन, आणि टोपली तशीच खाली कोसळली.

"हरी!"

सगळे वळले. ती माझ्या गळ्यातल्या हाराकडे बघत होती. पायाशी उदबत्ती, फुटलेला नारळ. "माजा हरी गो! कदी गेला? मला कोणी सांगितलान पण नाय! सगळ्या गावाला ठाऊक, नि आयशीलाच नाय?"

गणपतीपासून मुलाचं पत्र नव्हतं, हे सगळ्या बाजाराला माहीत होतं. बायकांनी तिला धरून खाली बसवलं. कोणी तिला सांगेना की हा नुसता पुतळा आहे, कारण तोंड हरिश्चंद्राचंच होतं. भाट्याची जी जी माणसं तिथे होती त्यांना ते दिसत होतं. "बोट बुडाली असेल," कोणीतरी मागून म्हणालं. बस्स, एवढ्यावर बोट बुडाली. आप्पांनी टोपी काढली. "सुनेला कळवायला हवं," म्हणत दोन बायका घाईने धक्क्याकडे निघाल्या. सून म्हणजे आनंदी, लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. आता या बायका घरी जाणार, तिचं कुंकू पुसणार, बांगड्या फोडणार, आणि ज्याच्यासाठी फोडणार तो मुंबईत जिवंत आहे!

मला सगळं ठाऊक होतं. जीभही होती, सखारामने दातांच्या फटीतून दिसेल अशी कोरलेली. तिचा काही उपयोग झाला नाही. अहो, दगडधोंडे बरे, त्यांना निदान तोंड नसतं!

सखाराम पाहुण्यांच्या मागे उभा होता, कागदासारखा पांढरा. त्याने हरिश्चंद्राला शब्द दिला होता. तोंड बदलायचा आणि पुतळा मुंबईबाहेर न नेण्याचा, दोन्ही शब्द मोडलेच होते, आता त्याचं गुपितही फोडायचं. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं. मग पुढे येऊन तिच्यासमोर बसला.

"काकी, रडू नका. जिवंत आहे तो. मुंबईत आहे. माझ्यासमोर उभा राहिला, तेव्हाच हा केला मी."

रडणं तुटलं. इद्रीस म्हणाला, "या अल्ला!" आणि त्या बायकांना थांबवायला धक्क्याकडे पळत सुटला. खाडीवरची तर त्याचीच, त्याच्यावाचून ती सुटणार नव्हती, म्हणून बायका काठावरच सापडल्या. आनंदीच्या बांगड्या वाचल्या.

पण गर्दी म्हणजे गर्दी. क्षणापूर्वी डोळे पुसणारी माणसं आता एकमेकांकडे बघू लागली. "मुंबईत? बोटीवर नाय?" "म्हणजे विलायतेला गेलाच नाय तर!" "उघडा उभा राहायचे पैसे मिळतात होय?" कोणीतरी फिसकन हसलं. आप्पा टोपी घालत म्हणाले, "ही विलायत बरी आहे, गो गोदूबाय, तीत बोटच लागत नाही." आप्पा मनाचे वाईट नाहीत. पण एकदा तोंड सुटलं की थांबत नाहीत.

मला वाटलं, आता ही बाई शरमेने मान खाली घालणार. माझी तर धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं अशी अवस्था. गोदूबाईने कोणाकडे बघितलंच नाही. ती उठली, चौथऱ्याच्या चिऱ्यावर चढली आणि तिने माझ्या बरगड्यांवरून बोटं फिरवली. एकेक बरगडी. ज्यांना मघाशी टाळ्या पडल्या होत्या त्याच.

"इतका वाळला होता?" तिने विचारलं.

मग ती सखारामकडे वळली.

"तू रोज बघत होतास ना रे? बघून बघून केलास ना? मग त्याला पोटभर जेवाय घातलास काय कदी?"

पाहुणे रुमालाने चष्मा पुसू लागले. तिने माझ्या गळ्यातला हार काढला, तोडून गटारात टाकला, आणि कमरेला खोचलेला पदर सोडून माझ्या कपाळावरचा गुलाल पुसला. मग खाली उतरून सुकट वेचू लागली. आप्पाही दुकानातून उतरून तिच्यासोबत वेचू लागले.

प्रदर्शन उठेपर्यंत ती रोज आली. माझ्यासमोर केळीच्या पानावर भात आणि मासळीची कढी ठेवायची. लोक म्हणाले, डोकं फिरलंय. एकदा कावळा आला आणि पानाला चोच लावायला लागला. तुम्हाला कळतंय ना, कावळ्याने शिवायचं ते कोणाचं पान? गोदूबाई चप्पल घेऊन त्याच्यामागे धावली. "चल हट् मेल्या! जिता आहे तो, जिता!" भर बाजारात ओरडत होती. मी वर चौथऱ्यावर, तिच्या मुलाचं तोंड लावून. काय काय घेत होतो मी! तिचं बघणं, तिचा भात, तिचे बोल. "घरी ये रे," म्हणायची. "कोणी काय बोलायचा नाय. बोललाच तर मी बघून घेईन. आनंदी तुज्यावर रागावलेली नाय. बोट नसली तर नसली, होडी आहे ना आपली." यातलं एक अक्षरही माझ्यासाठी नव्हतं. दुसऱ्याच्या नावाचं पत्र फोडून वाचावं तसं मी ते ऐकत होतो, आणि पोचवता येत नव्हतं.

शेवटच्या दिवशी खोकी आली. सखाराम या दिवसांत निम्मा झाला होता. त्याने माझ्याकडे बघितलं आणि खोक्याला खिळे मारायचा हातोडा एकदम माझ्यावर उगारला. मी म्हटलं, घाल बाबा! सुटलो!

"अरे अरे!" गोदूबाई मध्ये आली. "जित्या माणसाचं तोंड फोडतोस? अपशकुन करतोस माज्या पोराला?"

"मग तुम्ही घेऊन जा काकी. तुमचाच आहे."

तिने मान हलवली. "नको," म्हणाली. "ह्याला घरात उभा केला तर मी ह्याच्याशीच बोलत बसेन. तो आला की बघू. तोवर फोडू नको, आणि कोणाला दाखवूही नको."

म्हणून मी इथे आलो, गोणपाटाखाली.

सखाराम मुंबईला गेला, हरिश्चंद्राला शोधायला. पण आगबोटीतली माणसं त्याच्या आधी पोचली होती. तुझा पुतळा गावात बसवलाय, सगळ्यांना कळलंय, असं कोणीतरी हरिश्चंद्राला हसत सांगितलं. त्याच दिवशी तो राहती जागा सोडून गेला. कुठे ते कोणाला ठाऊक नाही. सखारामने मूर्तिकाम सोडलेलं नाही, पण माणसाचं तोंड तो आता काढत नाही. गावी परतून बापाच्या शाळेत गणपती करतो.

हरिश्चंद्रा, तुझ्या कानावर हे कसं जाणार, मला माहीत नाही. तुमच्यापैकी कोणी मुंबईला जाणारे असाल, गोदीत, खानावळीत, फूटपाथवर असं तोंड दिसलं, तर त्याला एवढं सांगा. तुझं गुपित फुटलं ते माझ्यामुळे. गावाने हसून घेतलं, आता शिमगा आला, पावसाळा येईल, गावाला दुसरं काही मिळेल. लाज धरून बसलेला आता मी एकटाच आहे. तू कशाला धरतोस?

तू ये. भाट्याला जाण्याआधी झाडगावात वळ. दाराशीच हातोडा असतो. गोणपाट काढ आणि पहिला घाव माझ्या तोंडावर घाल. तुझी आई कोणाला घालू देत नाही. तू घातलास तर ती काही म्हणणार नाही, कारण मग तिच्यासमोर तू असशील.