आधी कोण उठणार

समुद्रकाठच्या आमच्या अपाम गावात दहाची सभा एकला सुरू झाली, तर लोक म्हणतात आज जरा घाईच केली. त्याच अपाममध्ये त्या मंगळवारी, दहाच्या सभेसाठी, अराबा एसिल्फी पहाटे साडेपाचलाच शाळेच्या मैदानात येऊन बसली होती. एकटी नव्हे, चाळीस बायका घेऊन.

कारण तसं आनंदाचंच होतं. शनिवारी राजधानीत कंदील पक्षानं मतदान घेऊन राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मादाम ऑफोरिवांना दिली. पक्षाच्या इतिहासात हा मान पहिल्यांदाच बाईला मिळाला. गावच्या महिला शाखेची प्रमुख अराबा. ती किनाऱ्यावर इतकी नाचली, की जिंकल्याच्या आनंदात अंगावर उधळलेली पावडर घामानं लापशी होऊन ओघळली आणि आवाज पार बसला. सोमवारी वरून हुकूम आला: झालं गेलं विसरा, हरलेल्या इंजिनीअर अर्कोर्फुलांच्या माणसांना जवळ करा, उद्या दहाला एकीची सभा घ्या.

एकी सगळ्यांनाच हवी होती. फक्त नमस्कार आधी कोण करणार, हे ठरत नव्हतं. आमच्याकडे बसलेला माणूस उठत नाही. जो मागून येतो त्यानं उजवीकडून सुरुवात करून एकेकाचा हात हातात घ्यायचा. म्हणजे जो आधी बसला तो मोठा, मागून आला तो नमला. हा हिशेब कुणी कुणाला शिकवावा लागत नाही. म्हणूनच अराबाच्या बायका पुढच्या फाटकातून शिरल्या, तेव्हा समुद्राकडच्या फाटकातून अर्कोर्फुलांच्या बायकाही शिरत होत्या. क्षणभर दोन्हीकडच्यांनी एकमेकींकडे पाहिलं आणि मग साठी ओलांडलेल्या बायका कापडं सावरत खुर्च्यांकडे जी धूम पळाल्या, ती पाहून कावळेसुद्धा उडाले.

"आम्ही बसलो होतो, तुम्ही आलात," अराबाकडची एक धापा टाकत म्हणाली. "या, हात मिळवा!"

"बसली होतीस? बूड अजून अधांतरीच होतं की गं तुझं! मी या डोळ्यांनी पाहिलं."

"डोळ्यांचं नको सांगूस. मतमोजणीतही तुला बरंच काही दिसलं होतं."

दहा वाजले, अकरा वाजले. ऊन डोक्यावर आलं. समोरासमोर मांडलेल्या खुर्च्यांवर ऐंशी बायका एकीसाठी बसून होत्या आणि एकही लघवीलासुद्धा उठत नव्हती. अराबाच्या मागे पक्षाचे चिटणीस, निवृत्त मास्तर क्वान्सा, पुटपुटत होते, "अराबा, उठायचं नाही. उठलीस तर जिंकलेलं हरलो. महिला शाखाही मग दुसरीच्या हातात जाईल, आधीच सांगतो."

अराबाला मास्तर ऐकूच येत नव्हते. ती समोरच्या रांगेत मधोमध बसलेल्या मान्साकडे पाहत होती. मान्सा तिकडची पुढारी. एकतीस वर्षं दोघींनी एकाच भट्टीवर मासे धुरवले होते. आता त्या भट्टीच्या मधोमध पत्रा उभा होता.

मान्साच्या अंगावर अजून दुखवट्याचं काळं कापड होतं. चार महिन्यांपूर्वी तिची आई, एफुआ ताविया, गेली. जाळीवरचे मासे न मोडता कसे उलटायचे, हे त्या बाईनं अराबाला पोटच्या मुलीच्या आधी शिकवलं होतं. आठव्या दिवसाच्या दुखवट्याला सारं गाव गेलं. अराबा गेली नाही. त्याच दिवशी मादाम ऑफोरिवा प्रचाराला आल्या होत्या आणि व्यासपीठ अराबाकडे होतं. तिनं दुखवट्याला पाण्याच्या पिशव्या पाठवल्या, त्या तशाच परत आल्या. तेव्हापासून बोलणं बंद. अराबाला स्वतःची लाज वाटत होती आणि ती लाज तिनं चार महिने घोषणांखाली दाबून ठेवली होती.

बाराला विभागाचे चेअरमन आले आणि फाटकातच अडकले. उजवीकडून सुरुवात करायची खरी, पण समोरासमोर बसलेल्यांत उजवी बाजू कुणाची? शेवटी त्यांनी गाडीत बसूनच भोंग्यावरून सगळ्यांना एकदम नमस्कार केला. मग उतरून पाऊण तास एकीवर बोलले. "मायांनो, आता उठा आणि गळाभेट घ्या!"

कुणी हललं नाही.

मग अराबा उठली. मास्तरांनी तिच्या कापडाचं टोक धरलं, ते तिनं हिसडून सोडवलं. मधली मोकळी जागा ओलांडून ती मान्सासमोर उभी राहिली आणि तिचे दोन्ही हात हातात घेतले.

"एफुआ ताविया गेली आणि मी आले नाही. चुकलं माझं, मान्सा."

"चार महिन्यांनी सुचलं?"

"चार महिन्यांनी."

"पाहा! पाहा ही एकी!" चेअरमन माइकवर गरजले. पिपाण्या वाजल्या, पावडर उडाली. मागून कुणीतरी म्हणालं, "विकली गेली." मास्तरांच्या शेजारी नव्या प्रमुखाचं नावही निघालं.

फोटोग्राफर धावत आला. "मायांनो, फोटो हलला. परत एकदा घ्या हात. आणि जरा हसून."

मान्सानं हात सोडला नाही. "परत म्हण," ती अराबाला म्हणाली. "पण असं पुटपुटून नाही. त्या दिवशी तू माइकवर बोलत होतीस. आईच्या अंगणात बसून मला शब्द न् शब्द ऐकू येत होता. आता माइकवर म्हण."

अराबानं माइक मागितला. चेअरमननी तो खुशीत दिला. मादामच्या नावाचा जयजयकार होणार, असं त्यांना वाटलं.

"एफुआ ताविया," अराबाचा बसका आवाज भोंग्यातून सगळ्या मैदानावर गेला. "तिच्या दुखवट्याला मी आले नाही. तिच्या हातचं खाऊन मोठी झाले आणि आले नाही. आज आले आहे."

मेलेल्या माणसाचं नाव असं घेतलं, की बसून राहायचं नसतं. आधी मान्सा उठली. मग तिची रांग उठली, अराबाची रांग उठली, आणि बघता बघता ऐंशीच्या ऐंशी बायका उभ्या राहिल्या. पिपाण्या थांबल्या. कुणीतरी रडायला लागलं, मग बऱ्याच जणी.

चेअरमन गोंधळले. ते मास्तरांच्या कानाशी लागले. "ही एफुआ ताविया कोणत्या गटाची?"

"साहेब," मास्तर डोळे पुसत म्हणाले, "टोपी काढा."