चुन्याच्या भिंती

मित्रांनो, न्यू ऑर्लिन्सच्या ट्रेमे वस्तीत रस्त्याला लागून उभे असलेले मी एक जुने क्रिओल, म्हणजे इथल्या फ्रेंच-आफ्रिकी मिश्र वळणाचे, घर आहे. खाली दुकान, वर राहती जागा, बाजूने मागच्या अंगणात जाणारी कमानीची वाट आणि रस्त्यावर झुकलेला लोखंडी नक्षीचा सज्जा. नदीकाठच्या मातीच्या मऊ विटांनी माझ्या भिंती रचल्या होत्या, वर चुन्याचा गिलावा. ओल आत शिरे, ऊन पडले की निघून जाई. वाटसरू थांबून माझ्याकडे बघत. मला अभिमान वाटे.

माझी मालकीण क्लेलिया माझ्याच वरच्या खोलीत जन्मली. म्हातारपणीही दर सोमवारी ती राजमा-भात रांधून अंगणात शेजाऱ्यांना वाढायची. माझा गिलावा म्हातारा गवंडी न्यूमा सांभाळी. त्याच्या पणजोबांनीच तो मुळात चढवला होता.

मग मोठ्या वादळाचे पाणी माझ्या खालच्या मजल्यात शिरले. क्लेलिया वर्षभर लोकांच्या घरी राहिली. शेवटी तिचा भाचा रेमी सिमेंट घेऊन आला.

"सिमेंट नको रे," न्यूमा म्हणाला. "आतली ओल बाहेर कशी पडणार? भिंतीचा जीव घुसमटेल."

"काका, तुमचा चुना वाळेपर्यंत माझे केस पांढरे होतील!"

"त्याचं ऐक जरा," क्लेलिया म्हणाली.

"आत्या, तुला घरी परत यायचंय ना?"

तिला यायचेच होते.

चुन्यावर सिमेंट चढले आणि मी गुळगुळीत झाले. "अगदी नव्यासारखं!" लोक म्हणत. आत मात्र ओल कोंडून माझ्या विटा विरघळत होत्या. मला सांगता येत नव्हते. सहा वर्षांनी एका दुपारी, क्लेलिया बाजारात गेली असताना, माझी मागची भिंत स्वयंपाकघरासकट अंगणात कोसळली.

न्यूमा काठी टेकत आला. त्याने भिंतीतून मूठभर वीट काढली. तिचा भुगा झाला होता.

"काका, आता चुनाच लावा," रेमी रडत म्हणाला. "हवा तेवढा वेळ घ्या."

"कशाला लावू, बाळा? वीटच उरली नाही."

मित्रांनो, जुन्या घराला हात लावण्याआधी ते कशाचे बनले आहे हे जाणणाऱ्याला विचारा, आणि तो सांगेल ते ऐका. रेमीचा माझ्यावर जीव होता. त्याला फक्त घाई होती.

परवा मला पाडणार आहेत. काल क्लेलिया शेवटची येऊन गेली. मागची भिंतच नव्हती, तरी जाताना तिने पुढच्या दाराला कुलूप लावले आणि ते नीट लागले की नाही, हे दोनदा ओढून पाहिले.